हौद्याचं झाकण

लांबी

आठ फूट. टेपचं एक टोक थोरलीनं मागच्या फाळक्याच्या कडेला अंगठ्यानं दाबून धरलं होतं. दुसरं टोक घेऊन धाकटा केबिनच्या पाठीला टेकून उभा होता. दोघांच्या मधे पिकअपचा रिकामा हौदा तापत पडला होता.

"आठ," धाकटा म्हणाला.

"नीट बघ."

"आठ म्हणजे आठच, अक्का. गाडी आहे ती. पोर नाही, रातोरात वाढायला."

थोरली हसली नाही. चार दिवस झाले, ती हसली नव्हती.

चार दिवसांपूर्वी याच हौद्यातून मधमाश्यांच्या नऊ पेट्या गेल्या होत्या. बापाच्या मागे या बहीणभावानं माश्यांचंच काम धरलं होतं. बापाच्या तीन पेट्यांच्या चाळीस केल्या. नवरा गेल्यावर थोरली माहेरी परत आली तेव्हा धाकट्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. धूर कसा करायचा, चौकट कशी उचलायची, राणी कशी ओळखायची, सगळं तिनंच त्याला शिकवलं. आता त्याच्या कानावरचे केस पांढरे झाले होते आणि तरी तो तिला विचारल्याशिवाय पेटीचं झाकण काढत नसे.

पेट्या हलवायच्या त्या पहाटे. माश्या घरी आलेल्या असतात. पेटीच्या तोंडाला जाळी ठोकायची, वर ताडपत्री टाकायची, दोर आवळायचा आणि ऊन चढायच्या आत दुसऱ्या रानात उतरायचं. बापाची हीच रीत होती. त्या दिवशी वाटेत चाक बसलं. धाकटा चाक घेऊन कुणाच्या तरी मोटारसायकलवर पंक्चरवाल्याकडे गेला आणि थोरली राखण करायला केबिनमध्ये बसली. ऊन अंगावर आलं, डोळा लागला. किती वेळ? तिला वाटलं, पापणी मिटून उघडली एवढाच. उतरून पाहते तर दोर कापलेला आणि मागच्या बाजूच्या नऊ पेट्या नाहीत. रस्त्यावर चारसहा माश्या चुकलेल्या पोरांसारख्या घिरट्या घालत होत्या.

चौकीवर तिनं सांगितलं, "नऊ पेट्या गेल्या."

"कसल्या?"

"मधमाश्यांच्या."

जमादारानं पेन खाली ठेवलं. "उडून गेल्या असतील, बाई."

मागच्या टेबलावरचा शिपाई खो खो हसला. मग जमादारही हसला. शेवटी धाकट्याच्या तोंडावरही कसंनुसं हसू आलं, कारण मोठी माणसं हसत असताना लहान माणसानं गप्प बसणं बरं दिसत नाही. थोरलीनं ते हसू पाहिलं. घरी येईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

रुंदी

पाच फूट. बाजाराच्या गावी एक दुकान होतं, त्यात गाड्यांची सजावट आणि झाकणं मिळत. दुकानदाराच्या हातात पाण्याची बाटली होती. तो बोलताना ती हलवत असे.

"आधी हे सांगा, हौद्यात काय नेता?"

धाकट्यानं तोंड उघडलं. थोरलीनं त्याच्या पायावर पाय ठेवला.

"सामान," ती म्हणाली.

"कसलं सामान?"

"चोरीला जातं असलं."

"मग बरोबर जागी आलात." बाटली हलली. "हे बघा, हे कापडाचं. कडेनं चिकटपट्टी. पावसाला चालतं, चोराला नाही. ब्लेड फिरवलं की संपलं. हे शटरसारखं गुंडाळतं. हे तीन घड्यांचं. पण ही दोन्ही सपाट, हौद्याच्या भिंतीपेक्षा उंच माल बसणार नाही."

"आमचे तीन थर असतात," धाकटा म्हणाला.

"मग तुम्हाला टोपी पाहिजे. पूर्ण टोपी. ही फायबरची. आणि ही पत्र्याची, राजा आहे राजा. आतून अँगल, मागं एकच दार, दोन कुलपं. बाहेरून बिजागरी दिसत नाही, मग ठोकणार काय? काठाला रबर. धूळ आत जाणार नाही, पाणी नाही, मुंगी नाही."

मुंगी नाही, हे ऐकून धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं. थोरली पत्र्यावरून हात फिरवत होती. गुळगुळीत, थंड, जाड. तिनं मूठ वळून त्याच्यावर मारली. पत्रा हललाही नाही. चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या खांद्यांवरचं काहीतरी सैल पडलेलं धाकट्याला दिसलं, आणि म्हणून तो काही बोलला नाही.

तयार टोपी त्यांच्या जुन्या गाडीला बसेना. दोन बोटांचा फरक पडत होता. "गाडी बदला," दुकानदार म्हणाला. थोरलीनं टोपीचा प्रत्येक सांधा डोळ्यांत भरून घेतला आणि ते बाहेर पडले.

उंची

घरी यावर तीन दिवस वाद झाला.

"जाळीचा पिंजरा करू," धाकटा म्हणाला. "कोंबड्यांच्या गाडीला असतो तसा. अँगलचा सांगाडा, जाड जाळी, मागं दार, कुलूप. हवा पण आणि राखण पण."

"जाळीतून दिसतं," थोरली म्हणाली. "दिसतं ते जातं. कटरनं जाळी कापायला वेळ किती लागतो? दोर कापायला जेवढा लागला तेवढाच."

"पण माश्यांना हवा लागते, अक्का. मी तुला सांगायचं का आता?"

"नको सांगूस. हवेची भोकं ठेवू. बापाच्या वेळेपासून माश्या नेतेय मी."

धाकट्याची बायको भांडी घासता घासता ऐकत होती. तिची जीभ धारेची, पण थोरलीपुढे ती धार जरा वळवून वापरायची. "वन्सं, त्या गाडीचा जीव केवढा आणि टोपीचं वजन केवढं! नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

"नाक कापलं गेलंय आधीच. आता मोत्याची काळजी कशाला?"

"मी आपलं म्हटलं."

"तू म्हण गं. त्या दिवशी गाडीत तू नव्हतीस. मी होते."

भावजय घासलेलं भांडं पुन्हा घासू लागली.

वाद असा संपला. कुणी जिंकलं नाही. धाकट्यानं इतकंच मनाशी धरलं, की जाळी घातली आणि पुन्हा काही गेलं, तर अक्का त्यातून उठणार नाही. दुधानं तोंड पोळलेल्याला ताक फुंकू नको म्हणून सांगता येत नाही. फुंकू द्यावं लागतं.

आणि वेळही नव्हता. दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. आसपासच्या रानात फूल म्हणून नव्हतं. एकतीस पेट्या साखरेच्या पाण्यावर कशाबशा तगून होत्या. चौकट उचलली की माश्या अंगावरही यायच्या नाहीत, नुसत्या सरकायच्या. भुकेलेली माशी चिडत नाही, शहाणी होते, आणि ते शहाणपण थोरलीला बघवत नसे. सहा तासांच्या रस्त्यावर एका शेतमालकाचं मोठं सूर्यफुलाचं रान होतं, त्याला कालव्याचं पाणी होतं. त्याचा निरोप आला होता: आठवड्यात फूल उघडेल, तीस पेट्या तरी पाहिजेत, कमी असतील तर येऊ नका. फूल वीस दिवस टिकतं. त्या वीस दिवसांत माश्या सावरल्या तर पुढचं वर्ष होतं. नाहीतर नव्हतं. हिशेब एवढाच होता, आणि तो सांगायला कुणाला बोटं मोजावी लागत नव्हती.

हवा

वेल्डिंगवाल्याला सगळे ठिणगी म्हणत. काळा चष्मा कपाळावर चढवून तो थोरलीचं बोलणं ऐकत राहिला. ती जमिनीवर काडीनं टोपी काढून दाखवत होती.

"अक्का, ही तिजोरी झाली."

"तिजोरीच पाहिजे."

"आत माश्या ना पण? मग भोकं कुठं ठेवू?"

"पुढच्या अंगाला. केबिनच्या वर, वाऱ्याच्या तोंडाला. गाडी पळाली की वारा आपोआप आत शिरेल. आणि मागच्या दाराला खाली एक पट्टी, निघून जायला. बाजूंना नको. बाजूच्या भोकात पहार घालून उचकटतात."

ठिणगीनं पुढच्या पत्र्यात चौदा फटी कापल्या. प्रत्येक फटीवर पत्र्याची पापणी वाकवली, म्हणजे पाऊस आत येणार नाही. काम नेटकं होतं. टोपी बसवल्यावर गाडी मागून दोन बोटं खाली बसली.

"आता हवा येते का बघायचं," धाकटा म्हणाला.

"मी बघते," थोरली म्हणाली, आणि हौद्यात चढली.

"वन्सं, हे काय?" बरोबर आलेली भावजय म्हणाली.

"बाहेरून हात लावून काय कळतंय? आत बसल्याशिवाय माशीला काय होतं ते कळत नाही. लाव दार. दोन्ही कुलपं लाव."

बापानं तिला हेच शिकवलं होतं. पेटी ठेवायची त्या जागी आधी आपण बसायचं. आपल्याला ऊन लागलं तर तिला लागतं, आपल्याला ओल लागली तर तिला लागते. तीस वर्षं ती प्रत्येक रानात पेट्या उतरवण्याआधी जमिनीवर बसत आली होती. तिचा तो अंदाज कधी चुकला नव्हता.

धाकट्यानं कुलपं लावली आणि तळ्याच्या रस्त्यानं गाडी काढली. सकाळची वेळ होती. आत अंधार होता आणि पुढच्या फटींतून चौदा उजेडाच्या रेघा येत होत्या. त्या रेघांबरोबर वारा येत होता. थोरली मांडी घालून हौद्याच्या मधोमध बसली. वारा तिच्या केसांतून मागच्या पट्टीकडे जात होता. ती तशीच अर्धा तास बसून राहिली. कुणाचा हात आत येऊ शकत नव्हता. कुणी हसलेलं ऐकू येत नव्हतं. तिला डुलकी लागली.

दार उघडलं तेव्हा भावजय पदरानं तोंड पुसत होती. काळजीनं तिला घाम फुटला होता.

"झुळूक आहे," थोरली म्हणाली. "गार झुळूक आहे. झोप लागली मला."

रस्ता

दिवस मावळताना पेट्यांना जाळ्या ठोकल्या. पहाटे तीन थर लावले. अकरा, दहा, दहा. सगळ्यात वरचा थर पुढच्या फटींच्या थेट समोर आला. पेटी आणि फट यांच्यात चार बोटं जागा राहिली. धाकट्यानं तिथं हात घालून पाहिला.

"जाईल," थोरली म्हणाली. "पळती गाडी आहे."

काही माश्या पेट्यांच्या बाहेरच्या अंगाला चिकटून राहिल्या होत्या. तशा राहतातच. ताडपत्री असती तर वाटेत उडून गेल्या असत्या. आता त्या आतच राहिल्या. दार लागलं, कुलपं लागली, किल्ल्या थोरलीनं दोऱ्यात ओवून गळ्यात घातल्या. तिघं केबिनमध्ये बसली आणि गाडी निघाली.

चार तास सगळं ठीक होतं. भावजयीनं मागच्या खिडकीला कान लावला की तिला गुणगुण ऐकू यायची. "गातायत," ती म्हणायची.

उन्हं चढली तेव्हा एक तास राहिला होता. समोर डोंगर फोडून काढलेला रस्ता होता, दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, आणि त्यापलीकडे अरुंद पूल. पुलावर विटांचा ट्रक आडवा झाला होता आणि त्याच्या अलीकडे गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. धाकट्याला ते कळेपर्यंत मागं बस येऊन थांबली होती, आणि बसच्या मागं आणखी किती गाड्या, ते वळणापलीकडे दिसत नव्हतं. बसचं तोंड फाळक्यापासून हातभर लांब होतं.

धाकट्यानं इंजीन बंद केलं.

वारा थांबला.

पहिली दहा मिनिटं

पुढून एक माणूस चालत आला. "दहा मिनिटांत सुटेल," तो म्हणाला. "क्रेन येतेय."

"दार उघडू," धाकटा म्हणाला.

"बस भरलेली आहे मागं. सगळ्या खिडक्या उघड्या. सुट्या माश्या आहेत आत."

"अक्का, वारा नाही."

"दहा मिनिटं म्हणाला ना तो."

दुसरी दहा मिनिटं

गुणगुण आता खिडकीला कान न लावताही ऐकू येत होती. ते गाणं नव्हतं. एकतीस पेट्यांतल्या माश्या पंख हलवून आतली हवा बाहेर ढकलत होत्या आणि बाहेर ढकललेली हवा पत्र्याला धडकून परत त्यांच्याच अंगावर येत होती. थोरलीनं टोपीवर तळहात टेकवला आणि झटकन काढून घेतला.

"पाणी," ती म्हणाली.

कॅनमधलं पाणी धाकट्यानं टपावर ओतलं. पत्रा चर्र वाजला. पाणी खाली येईपर्यंत कोरडं झालं. कॅन संपला. भावजय बसच्या खिडक्यांखाली उभी राहिली. तिनं आयुष्यात कधी कुणापुढे पदर पसरला नव्हता.

"बाई, थोडं पाणी द्या हो."

"प्यायला?"

"नाही, गाडीवर टाकायला. आत जनावरं आहेत आमची."

एका म्हातारीनं बाटली दिली. एका माणसानं अर्धी पिऊन उरलेली दिली. एकजण म्हणाला, "आम्हालाच नाही प्यायला, आणि हिला गाडी धुवायचीय!" दोनचारजण हसले. भावजय पुढच्या खिडकीखाली गेली आणि तेच वाक्य पुन्हा बोलली. सात बाटल्या जमल्या. सातही टपावर वाळल्या.

तिसरी

धाकट्यानं बहिणीच्या गळ्यातल्या दोऱ्याला हात घातला. लहानपणानंतर पहिल्यांदा त्यानं तिला न विचारता काही घेतलं होतं.

कुलपं काढली. दार वर उघडणारं होतं. ते वीतभर वर गेलं आणि बसच्या काचेला टेकलं. फाळका खाली पडायला जागाच नव्हती. वीतभर फटीतून आधी वाफ बाहेर आली, गोड, जड, भट्टीतून यावी तशी. मग माश्या आल्या. पेट्यांबाहेर राहिलेल्या, तापलेल्या, वेड्या झालेल्या पन्नास-शंभर माश्या. त्या सरळ बसच्या खिडक्यांत गेल्या.

मग जे व्हायचं ते झालं. आरडाओरडा, खिडक्या आपटल्याचे आवाज, कुणाच्या तरी पापणीवर डंख. माणसं उड्या मारून खाली येऊ लागली. बसचा ड्रायव्हर डोक्याला टॉवेल गुंडाळून शिव्या देत होता. पुलाकडून वाहतुकीचा हवालदार पळत आला.

"काय आहे आत?"

"मधमाश्या," थोरली म्हणाली.

"बंद करा! आधी बंद करा ते! माणसं मारायचीत का?"

"साहेब, त्या मरतायत आत."

"त्या मरतायत?" हवालदारानं आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं, साक्ष काढावी तसं. "बाई, माश्या आहेत त्या. मरू देत. इथं म्हातारीकोतारी आहेत."

"साहेब, ही बस जराशी मागं—"

"कुठं घेऊ मागं? डोक्यावर?" बसचा ड्रायव्हर ओरडला.

"बंद करताय की गाडी जप्त करू?"

धाकटा दारापाशी उभा होता. त्याच्या गालावर, मानेवर पाचसहा डंख दिसत होते. तो दार धरून होता आणि सोडत नव्हता. लोक त्याच्या अंगावर येऊ लागले. कुणीतरी त्याची कॉलर धरली. थोरलीनं ते पाहिलं. ती पुढे झाली, भावाची बोटं दारावरून एकेक करून सोडवली, दार खाली ओढलं आणि कुलपं लावली. दोन्ही. मग कुलूप लागलं की नाही ते ओढून पाहिलं. सवयच होती तिची.

"किती वेळ, साहेब?" तिनं विचारलं.

"दहा मिनिटं," हवालदार म्हणाला.

चौथी

थोरली हौद्याला कान लावून उभी राहिली. पत्र्यानं कान भाजला, तिनं काढला नाही. आतला आवाज आधी केबिनच्या बाजूनं कमी झाला. वरचा थर, तिनं ओळखलं. तापल्या टपाला लागून होता म्हणून आच थेट त्याच्यावर. मग मधला. शेवटी फाळक्याजवळचा खालचा कोपरा तेवढा वाजत राहिला, आणि मग तोही अडखळायला लागला.

पाचवी मोजायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं. रस्ता मोकळा झाला तेव्हा दीड तास होऊन गेला होता. गाडी पुलावर चढली, वेग घेतला आणि चौदा फटींमधून झुळूक आत शिरली.

वजन

पुलापलीकडे मोकळं माळरान लागलं तिथं धाकट्यानं गाडी उतरवली. फाळक्याच्या सांध्यातून काहीतरी पिवळं, दाट, धागा धरून गळत होतं.

दार उघडलं. कुणीच उडालं नाही.

पेट्या बाहेर काढताना हातातून निसटत होत्या. मेण वितळून पोळी चौकटींतून सुटली होती, खाली बसली होती. जेमतेम उरलेला मध, साखरेचं पाणी आणि माश्या यांचा एकच लगदा झाला होता. माश्या ओल्या, काळ्या, तेलात बुडवून काढल्यासारख्या. आपल्या अंगाचं पाणी करून त्यांनी घर गार करून पाहिलं होतं. जाळीपाशी त्यांचा थर इतका दाटला होता, की मागचीला हवा मिळाली असती तरी ती पुढचीच्या प्रेतातून मिळाली असती.

पेटी एरवी दोघांना उचलावी लागे. आज धाकटा एकेक एकटाच उतरवत होता आणि कुणालाही आपल्या मदतीला येऊ देत नव्हता. भावजय चौकटी उभ्या करून पाहत होती. बोटानं लगदा बाजूला करायची, खाली राणी सापडली की तिला पदराच्या टोकानं पुसायची, आणि परत तिथंच ठेवायची.

दोन पेट्या जिवंत निघाल्या. फाळक्याजवळच्या, खालच्या कोपऱ्यातल्या. त्यांतही ओंजळ-ओंजळभरच माश्या होत्या.

थोरली रिकाम्या हौद्याच्या काठावर बसली होती. आत मधाच्या डबक्यात टोपीची सावली पडली होती. टोपीला कुठं ओरखडाही नव्हता.

"मी एकटीच बसले होते रे आत," ती म्हणाली. "तीन थर होऊन बसायला पाहिजे होतं. मी एकटीच बसले."

धाकट्यानं हात पँटला पुसले. ते पुसले गेले नाहीत.

"मी जाळी म्हणालो होतो," हे वाक्य तो बोलेल म्हणून ती वाट पाहत राहिली. तो बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं फक्त विचारलं, "निघायचं का?"

"कुठं?"

"दोन आहेत ना. त्यांना तरी फूल दाखवू."

रान

सूर्यफूल उघडलं होतं. एवढं पिवळं, की डोळ्यांना खुपावं. शेतमालक घरी नव्हता. गड्यानं बांध दाखवला आणि सांगितलं, "इथं तुमच्या पेट्या ठेवा. पलीकडच्या शिवारात दुसऱ्या माणसाच्या आहेत, काल आल्या, साठ." तो पेट्या मोजायला थांबला नाही. संध्याकाळ होत आली होती.

दोन पेट्या ठेवून बाकीच्या कुठं नेणार? माळावरून परत भरून आणलेल्या, हौद्यात तशाच ठेवल्या तर सडल्या असत्या. तिघांनी सगळ्या एकतीस पेट्या बांधावर ओळीनं उतरवल्या. सकाळी एकेक रिकामी करू, खरवडू, उन्हात वाळवू, असं ठरलं. ओल्या जाळ्या काढून टाकल्या. थोरलीनं कुठल्याच जागी आधी बसून पाहिलं नाही. मग ती, धाकटा आणि भावजय गाडीच्या कडेला आडवी झाली आणि मेल्यासारखी झोपली.

सकाळी थोरलीला आवाजानं जाग आली. गुणगुण. भरघोस, कामातली, सुगीतली गुणगुण. ती पडल्या पडल्या ऐकत राहिली. क्षणभर, फक्त क्षणभर, तिला वाटलं, की आपण घरी आहोत आणि काहीही झालेलं नाही. मग ती उठून बसली.

बांधावर एकतीसही पेट्यांच्या तोंडाशी माश्यांची झुंबड उडाली होती. शेकड्यांनी येत होत्या, शेकड्यांनी जात होत्या. धाकटा आधीच उठून उभा होता. त्याचा चेहरा डंखांनी सुजला होता, एक डोळा मिटला होता. उघड्या डोळ्यानं तो माश्यांच्या वाटेकडे पाहत होता. त्या फुलांकडून येत नव्हत्या. पलीकडच्या शिवारातून सरळ रेघेत येत होत्या, मेलेल्या पेट्यांतला सांडलेला मध पोटात भरून पुन्हा त्याच रेघेनं परत जात होत्या. जिवंत दोन पेट्यांच्या तोंडाशी मारामारी चालली होती. ओंजळभर माश्या दार अडवून होत्या आणि दारात प्रेतं पडत होती.

"धूर कर," थोरली म्हणाली. धाकटा हलला नाही.

तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. शेतमालक आला. पोट सुटलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच तो बोलू लागला.

"वा! वा! काल संध्याकाळी उतरलात आणि सकाळी सकाळी कामाला लागल्या पण! मी म्हणत होतो घरी, माणसं वेळेची पक्की आहेत." त्यानं बोटानं पेट्या मोजल्या. "तीस... एकतीस. एक जास्तच आणलीत. झकास."

भावजयीनं पदर तोंडात धरला. धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं. त्या एका डोळ्यात काय होतं ते थोरलीला वाचता आलं: गप्प बस, अक्का. वीस दिवस. फक्त गप्प बस.

थोरली उठली. चिखलाचा गोळा घेतला, पहिल्या पेटीपाशी गेली आणि तोंड बंद करू लागली. तिच्या हातावर परक्या माश्या चढल्या.

"अहो बाई, हे काय? चांगल्या चालल्यात, बंद का करताय?"

"त्या आमच्या नाहीत," थोरली म्हणाली.

"म्हणजे?"

"आमच्या मेल्या. वाटेत. या पलीकडच्यांच्या आहेत. आमच्या पेट्यांतला मध धुऊन न्यायला आल्यात."

शेतमालक थोडा वेळ पेट्यांकडे, मग थोरलीकडे, मग आपल्या पिवळ्या रानाकडे पाहत राहिला. वारा नव्हता तरी फुलं हलत होती. पलीकडून येणाऱ्या माश्यांपैकी काही वाटेत फुलांवरही उतरत होत्या.

त्याचा चेहरा मोकळा झाला.

"मग कुणाच्या का असेनात," तो म्हणाला, "माझ्या फुलांना काय त्याचं?"

आणि तो हसला. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं. त्याची एक काळजी मिटली होती, एवढंच.

थोरलीनं दुसऱ्या पेटीसाठी चिखल घेतला.